अंगणात पुरलेली टाकी

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावच्या सीमेवरील एका खेड्यातून आमच्या एका जुन्या वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र लहान, अक्षर थरथरते. परंतु प्रश्न मोठा. त्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सहकुटुंब राहतात. तेथे त्यांनी एक जुने घर विकत घेतले आहे. आईने आता उरलेले दिवस नातवंडांजवळ काढावेत, म्हणून घराच्या मागील बाजूस तिच्यासाठी एक खोली वाढवावी असे त्यांनी योजिले. पाया खणण्यासाठी आपल्याकडील जेसीबीसारखे यंत्र लाविले. दोनतीन फूट माती निघाली नाही तोच यंत्राचा दात लोखंडावर आपटला. माती बाजूस सारून पाहतात, तो खाली एक भली मोठी, गंजलेली टाकी! भोवतालची माती काळपट पडलेली, आणि रॉकेलसारखा उग्र दर्प नाकात शिरणारा.

ठेकेदार म्हणाला, ‘‘यात घाबरण्यासारखे काय आहे? वर माती लोटू, काँक्रीट घालू. कोणाला कळणार आहे?’’

चिरंजीवांनी त्या रात्री आईला फोन केला, आणि आईने आम्हांस विचारले : ‘‘टाकी माझ्या मुलाने पुरलेली नाही. कोणी पुरली तेही त्याला ठाऊक नाही. खोलीसाठी साठविलेला पैसा त्या टाकीपायी गेला, तर खोली कशाने व्हायची? पण बुजवून टाकले, तर त्याला दोष लागेल का? त्याने काय करावे ते लिहा.’’

या प्रश्नास सदरातून उत्तर देण्याइतकी सवड नव्हती. म्हणून त्याच दिवशी आम्ही कळविले की, खणणे तत्काळ थांबवावे, मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये, आणि काहीही बुजवू नये. बाकीचे उत्तर मात्र सर्व वाचकांच्या उपयोगाचे आहे. आपल्या धर्मग्रामांतून आज अशी घरे थोडीच असतील की ज्यांचे कोणी ना कोणी परदेशी नाही. शिवाय, या प्रश्नाचे मूळ परदेशापुरते नाही, हे पुढे दिसेलच.

प्रथम, ही टाकी तेथे आली कशी? अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा इतका कडक असतो की घर उबदार ठेवल्यावाचून राहणेच अशक्य. त्यासाठी घराच्या तळघरात भट्टी असते. पूर्वी ती दगडी कोळशावर चाले. पुढे कोळशाच्या जागी तेल आले. विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेल्या असंख्य घरांतून तेलाची भट्टी बसली. हे तेल साठविण्यासाठी पोलादी टाकी लागे. साडेपाचशे गॅलनची, म्हणजे सुमारे 2,080 लिटरची टाकी सर्वसाधारण; एक हजार गॅलनची, म्हणजे सुमारे 3,785 लिटरची टाकीही दुर्मीळ नव्हे. एवढे मोठे धूड अंगणात दिसू नये, घरात जागा अडू नये, म्हणून ते जमिनीत पुरीत. तेल ओतण्याची एक नळी आणि हवा जाण्यायेण्याची दुसरी नळी एवढ्याच भिंतीलगत वर डोकावत. तेलाची गाडी येई, नळीतून तेल ओती आणि जाई. त्या काळच्या लोकांना ही नेटकी आणि सुरक्षित व्यवस्था वाटली, आणि त्यात लबाडीचा लेशही नव्हता.

मग काळ पालटला. महायुद्धात जर्मन पाणबुड्या तेलाची जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा अमेरिकन सरकारने टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत दोन प्रचंड नळमार्ग टाकले. 1942 ते 1944 या काळात ते उभे राहिले, आणि त्यांचे एक टोक न्यू जर्सीतील लिंडन या गावी होते. युद्ध संपल्यावर 1947 साली ते विकले गेले, आणि त्यांतून तेलाऐवजी नैसर्गिक वायू वाहू लागला. पुढील काळात घरोघरी वायूची नळी येत गेली. लोकांनी भट्टी बदलली, तळघरातील तेलाची नळी कापली, बाहेरची नळी मोडून टाकली, आणि अंगणातली टाकी होती तेथेच ठेवून दिली. कित्येकदा तिच्यात उरलेले तेलही तसेच राहिले. घर एकाचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे गेले. टाकीवर गवत उगवले आणि तिची आठवणही उरली नाही.

परंतु माणसे विसरली म्हणून लोखंड गंजण्याचे थांबत नाही. ओल्या मातीत पोलादाला बाहेरून गंज चढतो, हे आपल्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. आतूनही तेच घडते. टाकीतील हवेची ओल थंडीने भिंतींवर धरते आणि तिचे पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते व तेथेच लोखंड खाऊ लागते. एके दिवशी सुईच्या अग्राएवढे भोक पडते. त्यातून थेंब थेंब तेल मातीत उतरते. वाळूची जमीन असेल तर झपाट्याने, चिकण मातीची असेल तर सावकाश. भूजलाची पातळी लागली म्हणजे तेल पाण्यावर तरंगते, त्याचा काही अंश पाण्यात विरघळतो, आणि पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने तोही शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातो. तेलाची वाफ मातीच्या फटींतून तळघरात शिरते. न्यू जर्सीतही पुष्कळ कुटुंबे आजमितीस स्वतःच्या विहिरीचेच पाणी पितात. तेव्हा भोक जरी एकाच्या अंगणात पडले, तरी त्याची झळ कुंपण ओळखीत नाही.

आता, अशी टाकी सापडली असता करावयाचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, काम थांबविणे. यंत्राने टाकी उचकटू नये, तिला आणखी घाव घालू नये. खड्ड्यात पाणी वा तेल साचले असेल तर ते गटारात किंवा बाजूच्या ओढ्यात उपसून टाकू नये. जवळपास विडी, दिवा, लोखंड कापण्याची ज्योत काही नको. वास तीव्र असेल, तेल उघड्यावर वाहत असेल, किंवा घरात दर्प येत असेल, तर अग्निशामक दलास बोलवावे. उकरलेली काळी माती प्लास्टिकच्या जाड कापडावर ठेवून वरून तशाच कापडाने झाकावी, म्हणजे पावसाने तिचा ओघळ होणार नाही.

दुसरी गोष्ट, अधिकाऱ्यांस कळविणे. न्यू जर्सीत टाकी काढण्यासाठी नगरपालिकेच्या बांधकाम कचेरीचा परवाना लागतो. आणि तेल मातीत उतरले आहे असे दिसताच राज्याच्या पर्यावरण संरक्षण खात्यास तत्काळ खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. इतर राज्यांत नियम थोडेफार निराळे असतात, म्हणून जेथे घर तेथील कचेरीत विचारणे, हाच राजमार्ग. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अमेरिकेत खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर फोन केला असता जमिनीखालील विजेच्या, वायूच्या, पाण्याच्या सार्वजनिक वाहिन्यांच्या खुणा करून मिळतात. ही सोय 2007 पासून देशभर आहे, आणि ती घ्यावीच. परंतु कोणा घरधन्याने खासगी पुरलेली टाकी त्या नकाशात नसते. तसेच, 1984 साली अमेरिकेच्या संसदेने भूमिगत टाक्यांसाठी जो कायदा केला, त्यातून घरच्याच भट्टीसाठी ठेविलेल्या तेलाच्या टाक्या वगळल्या. त्यामुळे पेट्रोल पंपांच्या टाक्यांची नोंद देशभर झाली, पण अंगणातल्या टाक्यांची तशी सर्वत्र झाली नाही.

तिसरी गोष्ट, जाणत्या माणसाकडून काम करविणे. या कामाचे परवानाधारक लोक असतात. ते प्रथम टाकीतील तेल व तळाचा गाळ उपसून घेतात. त्यानंतर आतील वाफ घालवितात. कोरडा बर्फ, म्हणजे गोठविलेला कार्बन डायॉक्साइड, आत टाकून प्राणवायू बाहेर ढकलण्याचीही रीत आहे. मोजमापाच्या यंत्राने खात्री पटल्यावरच टाकीस कापण्यासाठी हात लावितात. ती आतून पुसून स्वच्छ केली म्हणजे मग वर उचलतात. पुष्कळांचा समज असा की भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी निर्धोक. वस्तुतः रिकाम्या टाकीत कोंडलेली वाफच ठिणगीने भडकते, आणि त्या पोकळीत उतरलेला माणूस प्राणवायूवाचून क्षणात कोसळतो.

चौथी गोष्ट, मातीची परीक्षा. टाकी वर आली म्हणजे तिला भोके पडली आहेत का, हे पाहतात. खड्ड्याच्या तळाची व बाजूंची माती प्रयोगशाळेत पाठवितात. माती निर्दोष ठरली तर खड्डा स्वच्छ मातीने भरावा आणि देवाचे आभार मानून पुढच्या कामास लागावे. दोष निघाला, तर नासलेली माती खणून काढून तिच्यासाठी नेमलेल्या ठिकाणी पाठवावी लागते. पाण्यापर्यंत तेल गेले असेल तर पाण्याचीही तपासणी व शुद्धी करावी लागते. सर्व काम पुरे झाल्यावर सरकारी कागद मिळतो. तो घराच्या खरेदीखताइतकाच जपून ठेवावा.

खर्चाविषयी लपवाछपवी नको. न गळलेली टाकी काढण्यास काही हजार डॉलर लागतात. गळती निघाली तर हा आकडा दहा दहा हजारांच्या उड्या घेतो. म्हणून घराची जुनी विमापत्रे कोणा जाणकारास दाखवावीत. आजच्या विम्यातून ही जोखीम बहुधा वगळलेली असते, परंतु पूर्वीच्या काळच्या एखाद्या विमापत्राचा आधार कधी कधी मिळतो. काही राज्यांत सरकारी साहाय्याच्या योजनाही आहेत. आणि जे कोणी तेथे जुने घर घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी घेण्यापूर्वीच धातुशोधक यंत्राने वा रडारने अंगण तपासून घ्यावे. भिंतीलगत बिनकामाची नळी, तळघराच्या भिंतीत कापून ठेविलेली तांब्याची बारीक नळी, या त्याच्या खुणा होत. त्या तपासणीचा खर्च, पुढील खर्चाच्या मानाने, काहीच नव्हे.

येथवर व्यवहार झाला. आता त्या माउलीचा खरा प्रश्न : दोष लागेल का?

निर्गमाच्या ग्रंथात, एकविसाव्या अध्यायात, खड्ड्याविषयी एक छोटासा नियम आहे. दहा आज्ञांच्या पाठोपाठ येणाऱ्या नियमांत तो असल्याने घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. उघड्या राहिलेल्या खड्ड्यात कोणाचा बैल वा गाढव पडून मेले, तर त्याची भरपाई कोणी करावी, असा तो प्रश्न आहे. मोशेचे नियमशास्त्र तेथे दोघांना उत्तरदायी धरते : ज्याने खड्डा खणला त्याला, आणि ज्याने आधीचा खड्डा उघडला त्यालाही. ‘मी खणला नाही, मी केवळ उघडला’ हे उत्तर तेथे चालत नाही. ज्या क्षणी झाकण आपल्या हाताने दूर झाले, त्या क्षणापासून शेजाऱ्याचा बैल आपल्या हवाली झाला.

आमच्या वाचक भगिनीच्या चिरंजीवांची स्थिती नेमकी हीच आहे. टाकी पुरण्यात त्यांचा दोष नाही. काल रात्रीपर्यंत ती तेथे आहे हे त्यांस माहीत नव्हते. तोवरही दोष नाही. परंतु यंत्राचा दात लोखंडावर आपटला, दर्प नाकात शिरला, आणि ते जाणते झाले. दोष आणि जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोष दुसऱ्याचा असतानाही जबाबदारी आपल्या दारी येऊ शकते. न्यू जर्सीचा कायदाही बहुतांशी असेच सांगतो : आजचा मालक टाकी न पुरताही उत्तरदायी ठरू शकतो. हे कठोर वाटते. परंतु विचार करावा : पुरणारा कधीच मातीआड गेला असेल, मधल्या मालकांचा पत्ता नसेल, आणि पलीकडच्या घरातील मूल तर आज पाणी पिते आहे. कोणी तरी पुढे झालेच पाहिजे. जाणता आहे तोच पुढे होणार.

ठेकेदाराच्या सल्ल्याचा दुसरा अर्थही पाहावा. आज बुजविले, तर उद्या घर विकताना काय सांगावयाचे? खाली विष आहे हे जाणून वरचे घर निर्मळ म्हणून विकणे, हे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे. मग त्यात कुलूप फोडलेले नसले तरी. आणि विचारले असता ‘काही नाही’ म्हणणे, हे आठव्या आज्ञेविरुद्ध आहे. एका टाकीवर माती लोटताना दोन आज्ञा तिच्याबरोबर पुराव्या लागतात. बरे, वर आईची खोली बांधावयाची! ज्या खोलीत ती माउली पहाटे रोझरी म्हणणार, त्या खोलीच्या पायाखाली हे ठेवावयाचे काय?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले, तेव्हा पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा विषय त्यांनी त्यात आवर्जून घेतला. ही भूमी पुढच्यांकडून उसनी घेतल्यासारखी वापरावी, हा त्याचा आशय. अंगणातली टाकी हे त्या शिकवणुकीचे अगदी घरगुती उदाहरण होय. एका पिढीने आपली सोय पाहिली, दुसरीने ती विसरून टाकली, तिसरीच्या फावड्याला ती लागली.

आणि वाचकहो, आपण आपल्या गावी काय पुरतो? भट्टीच्या तेलाच्या टाक्या आपल्याकडे नाहीत, कारण आपल्याला तशी थंडी नाही. पण ट्रॅक्टरचे जळके तेल बांधाकडेच्या खड्ड्यात ओतणारे हात आपल्यातलेच आहेत. एका मोटारीतून बदललेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते आपल्या नागरिकांस बजाविते. आपले पाणी काही निराळ्या धातूचे नाही. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या विहिरीपाशी पुरणारे, जुन्या आडात कचरा लोटून वर घराचा चौथरा घालणारे, हेही आपल्यातच आहेत. हमरस्त्यालगतचा एखादा भूखंड स्वस्तात मिळतो; तेथे पूर्वी पेट्रोलचा पंप होता की गॅरेज, हे गावातील चार वृद्धांना विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही. आपल्याकडे पेट्रोलियमच्या साठ्यावर देखरेख करणारी केंद्र सरकारची संघटना आहे, तिची मुख्य कचेरी नागपुरास आहे. पाया खणताना अशी टाकी लागली, तर ग्रामपंचायत, अग्निशामक दल व जिल्हाधिकारी कचेरी यांस आधी कळवावे. गवंड्याला पहार देऊन खाली उतरवू नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही जाणून लिहिले. बंद टाकीत, मैलाच्या खड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत एक माणूस उतरतो आणि पडतो, त्याला वाचवावयास दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. अशी वार्ता वाचावी लागली नाही, असे वर्ष जात नाही. मैलाच्या टाकीत माणसास विनासंरक्षण उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी, रोजावर आलेल्या माणसाचा प्राण हा आपल्या बैलापेक्षा स्वस्त नाही, हे खड्ड्याचा तो नियम वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये.

असो. पुनरुत्थानाच्या सणानंतर त्या भगिनीचे दुसरे पत्र आले. चिरंजीवांनी ठेकेदाराचे ऐकले नाही. त्यांनी खात्यास कळविले, परवाना काढला, टाकी वर आली. तळाला तीन भोके होती. काळी माती कित्येक गाड्या भरून गेली. सुदैवाने पाण्यापर्यंत तेल पोहोचले नव्हते. विम्याकडून काहीही मिळाले नाही. खोलीचा पैसा गेला, आणि खोली निदान दोन वर्षे पुढे ढकलली आहे. शेजारचा वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी येऊन कितीतरी वेळ तो खड्डा पाहत उभा राहिला. मग आपल्या अंगणाकडे बोट दाखवून त्याने विचारले, ‘‘ती यंत्रवाली माणसे माझ्याकडेही येतील का?’’

पत्राच्या शेवटी माउली लिहिते : ‘‘खोली नाही म्हणून मला वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? दोन रात्री रडले. मग मुलाला म्हटले, बाळा, मी इथेच बरी आहे. तू खड्डा नीट भर.’’

उत्पत्तीच्या ग्रंथात इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, आणि बापाने ठेविली होती तीच नावे त्यांस दिली. बापजाद्यांच्या जमिनीत मुलांना पाणीही सापडते आणि विषही सापडते. आपण आज जमिनीत जे घालू, तेच एके दिवशी आपल्या नातवंडांच्या फावड्याला लागणार आहे. ते काय असावे, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.

त्या माउलीस आणि तिच्या मुलास प्रभू सुखी ठेवो. खोली होईल तेव्हा तिला आशीर्वाद देण्यास तेथील धर्मगुरू येतीलच. पण तिच्या पायाला आशीर्वाद आधीच मिळाला आहे, असे आम्ही समजतो.